आईचा गुडघा, व्हाया क्वांटम

"काकू, गळ्यातलं, कानातलं, बांगड्या, सगळं काढून ठेवा. आत धातूचं काही चालत नाही."

एमआरआय सेंटरमधल्या टेक्निशियनने रोजच्या सवयीने सांगितलं. आईने बांगड्या काढल्या, कुड्या काढल्या, मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. मग जरा घुटमळली आणि गळ्यातून एक काळी, गोल चकती ओढून काढली. दोऱ्यात ओवलेली.

"हेपण काढू का? हे क्वांटमचं आहे."

"कशाचंही असू दे, काढा."

चकती माझ्या मुठीत राहिली, आई आत गेली. दार बंद झालं आणि आतून ठक-ठक-ठक असा आवाज सुरू झाला. क्वांटम खरं तर त्या दाराच्या आत होतं आणि मी हातात धरून बसले होते तो नुसता दगड होता, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

थोडं मागे जाते. आईचा उजवा गुडघा गेल्या दिवाळीपासून दुखत होता. नाहूर स्टेशनचा पूल चढताना ती मध्येच थांबायला लागली. मुलुंडला एका प्रदर्शनात एका स्टॉलवाल्याने तिला ही चकती विकली. बावीसशे रुपये. 'क्वांटम एनर्जी पेंडंट, शरीरातल्या पेशींची फ्रिक्वेन्सी जुळवतं.' आईने चार महिने ते गळ्यात घातलं आणि चार महिने डॉक्टरकडे जायचं टाळलं. मी तिला अडवलं नाही, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. मी मास कॉमची. दहावीनंतर सायन्सला रामराम ठोकला तो ठोकलाच. आणि माझ्या फोनवर तर रोज एक रील येतं, 'क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय की तुमच्या बघण्याने वास्तव बदलतं, म्हणून गाडी मनात आणा, गाडी दारात येईल.' तुमच्याही फोनवर येत असणार. एखादं तुम्ही सेव्हपण केलं असेल, लाजू नका. मी केलं होतं.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी माझी मामेबहीण घरी आली. ती एमएस्सी फिजिक्स करते. तिने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. कडेला बारीक अक्षरात 'टी-टू' असं लिहिलं होतं.

"हे टी-टू म्हणजे काय माहितीये? कोहिरन्स किती वेळ टिकला त्याचं माप. आत्याच्या गुडघ्याचा हा फोटो म्हणजे कोहिरन्स मोडण्याचा फोटो आहे."

मी म्हटलं, ताई, मराठीत सांग. पुढे जे लिहिलंय ते तिने सांगितलेलं, आणि नंतर मी दोन आठवडे वाचत बसले त्यातलं.

आपल्या शरीरात मुख्यतः पाणी. पाण्यात हायड्रोजन, हायड्रोजनच्या पोटात प्रोटॉन, आणि प्रोटॉन म्हणजे एक इवलासा चुंबक. एमआरआयच्या बोगद्यात साधारण दीड टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींच्या आसपास. त्या क्षेत्रात प्रोटॉनला दोनच अवस्था माहीत, 'वर' आणि 'खाली'. आता रेडिओ लहरींचा एक झटका द्यायचा, बरोबर ६४ मेगाहर्ट्झचा. म्हणजे आपण कानात एफएम लावून फिरतो त्याच्या थोडं खाली. झटका बसला की प्रोटॉन 'वर' आणि 'खाली' या दोन्हींच्या मिश्रणात जातो. या मिश्रणाला ताल असतो. दोन अवस्थांचं एकमेकींशी असलेलं नातं घड्याळाच्या काट्यासारखं फिरत राहतं. हे नातं शाबूत राहणं, ताल जुळलेला राहणं, याला म्हणायचं कोहिरन्स.

गुडघ्यातले असंख्य प्रोटॉन एका तालात फिरतात तेव्हा त्यांचा एकत्रित सिग्नल बाहेरच्या कॉइलला ऐकू येतो. मग हळूहळू ताल सुटतो.

ढोल-ताशा पथकात असाल तर हे लगेच कळेल. पन्नास ढोल ताशाच्या इशाऱ्यावर एकदम पडतात तेव्हा छातीत धडधडतं. आता ताशा बंद करा आणि सगळ्यांना डोळे मिटून वाजवायला सांगा. कुणी किंचित पुढे, कुणी किंचित मागे. मिनिटभरात नुसता कल्ला. एकाही ढोलकऱ्याने वाजवणं थांबवलेलं नाही, कुणाचा जोर कमी झालेला नाही. हरवला तो फक्त ताल, आणि ताल गेला की लांबून ऐकणाऱ्याला ठोका म्हणून काही ऐकूच येत नाही.

कोणाचा ताल किती लवकर सुटतो हे आजूबाजूवर ठरतं. मोकळ्या द्रवातले पाण्याचे रेणू इतक्या वेगाने गिरक्या घेतात की शेजाऱ्यांचे धक्के एकमेकांना खोडून काढतात, म्हणून तिथला ताल शेकडो मिलिसेकंद टिकतो. स्नायुबंध आणि गुडघ्यातल्या गादीत, म्हणजे मेनिस्कसमध्ये, पाणी तंतूंत अडकलेलं असतं. तिथे काही मिलिसेकंदांत खेळ खलास. मशीन थोडं थांबून ऐकतं. तोवर मेनिस्कस गप्प झालेला असतो, फिल्मवर काळा. द्रव अजून तालात असतो, फिल्मवर पांढरा. आईच्या फिल्मवर काळ्या पट्टीत एक पांढरी रेघ होती. गादी फाटली होती आणि फटीत द्रव शिरला होता.

चार महिने ही रेघ तिथे होती की चालत राहिल्यामुळे वाढत गेली, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

यात एक युक्ती आहे जी मला भारी आवडली. मशीनचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे तंतोतंत सारखं नसतं, त्यामुळेही ताल सुटतो. त्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही. मग हा भाग बाजूला कसा काढायचा? शाळेचं मैदान आठवा. शिट्टी झाली, तीस मुलं धावत सुटली, कुणी जोरात, कुणी रमतगमत, सगळी पांगली. दहा सेकंदांनी दुसरी शिट्टी, 'उलटे फिरा!' प्रत्येकाने आपापला वेग तोच ठेवला तर अजून दहा सेकंदांनी सगळी एकाच क्षणी सुरुवातीच्या रेषेवर. जोरात धावणारा लांब गेला होता, पण परत येतोयही जोरात. अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विन हान यांनी १९५० मध्ये प्रोटॉनना हीच दुसरी शिट्टी मारून दाखवली. तिला स्पिन एको म्हणतात. विस्कटलेला ताल परत जुळतो. मधल्या वेळात ज्यांना शेजाऱ्याचा बेभरवशाचा धक्का बसला ते मात्र रेषेवर वेळेत पोचत नाहीत, आणि त्यांचीच गैरहजेरी डॉक्टरांना हवी असते.

या विषयाचा मुंबईशी संबंध जुना आहे, हेही वाचताना कळलं. एमआरआयच्या मुळाशी जे तंत्र आहे, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, त्यातला १९५१ चा एक गाजलेला शोधनिबंध इथेनॉलवर आहे. एकाच रेणूतले वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे सिग्नल देतात, असं त्यात दाखवलं होतं. तिघा लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी. पुढे त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, याच विषयाचा गट उभा केला.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण त्या 'बघण्याने वास्तव बदलतं'चं काय? तेही फिजिक्सच्या पुस्तकात आहेच ना?

आहे. पण 'बघणं' या शब्दाने घोळ घातलाय.

मूळ प्रयोग असा. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींकडे सोडायचे. मागच्या पडद्यावर एकेक ठिपका पडतो, पण हजारो ठिपके जमले की पट्टे दिसतात, गडद-फिका-गडद. पट्टे तेव्हाच येतात जेव्हा 'या फटीतून' आणि 'त्या फटीतून' या दोन वाटांमधला ताल शाबूत असतो. कोणत्या फटीतून गेला हे नोंदवणारं काही लावलं की पट्टे गायब. रीलवाले इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, तुम्ही बघितलंत म्हणून बदललं.

व्हिएन्नामध्ये अँटन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने हा खेळ इलेक्ट्रॉनपेक्षा कितीतरी दांडग्या गोष्टींवर केला. १९९९ मध्ये त्यांनी ६० कार्बन अणूंचे, फुटबॉलच्या आकाराचे रेणू बारीक फटींच्या जाळीतून सोडले आणि पट्टे मिळवले. नंतर त्यांनी ७० अणूंचे रेणू घेतले आणि मुद्दाम खोड्या काढायला सुरुवात केली. २००३ च्या प्रयोगात निर्वात नळीत थोडा थोडा वायू सोडला. वायू वाढत गेला तसे पट्टे पुसट होत गेले. २००४ मध्ये आणखी मजा. रेणूच लेझरने तापवले. तापलेलं लोखंड लाल दिसतं तसा तापलेला रेणूही प्रकाशाचे कण बाहेर टाकतो. जितका जास्त तापवला तितके पट्टे फिके, आणि शेवटी काहीच नाही.

ते बाहेर पडलेले प्रकाशकण कोणी पकडले नव्हते. कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं, ते उपकरणाच्या भिंतीत जिरून गेले. पण रेणू कुठून गेला याचा माग ते घेऊन गेले होते, आणि तेवढं पुरलं. वायूच्या रेणूला जाणीव नसते. भिंतीला मन नसतं. 'मोजमाप' होण्यासाठी कुठल्यातरी वस्तूवर खूण उमटावी लागते, बस. ती खूण वाचायला माणूस हजर असण्याची गरज नाही. असा ताल आजूबाजूच्या जगात सांडून जाणं, याला नाव आहे डिकोहिरन्स. टेबल, लोकल, तुम्ही, मी, आपल्यावर सतत हवा आदळतेय, आपण सतत उष्णता बाहेर टाकतोय. आपला माग क्षणाक्षणाला हजार ठिकाणी नोंदला जातोय. म्हणून नाहूरच्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला माणूस एकाच वेळी भांडुपलाही दिसत नाही.

(ताईने इथे बजावलं की ढोलाची उपमा आता सोडून दे. पन्नास ढोल म्हणजे पन्नास वेगळी माणसं. इथे एकाच रेणूच्या दोन वाटांचा ताल आहे, आणि त्याला पथकात जोड नाही. ऐकलं.)

मग असं वाटतं की कोहिरन्स हवा असेल तर वस्तू जगापासून लपवून ठेवावी. पण जगापासून पूर्ण लपलेली वस्तू जगाबद्दल काही सांगूही शकत नाही. मोजायचं तर स्पर्श हवा आणि स्पर्श झाला की ताल जाणार. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, आणि तिच्यावर काम करणारी एक जागा नाहूरहून दोन स्टेशनांवर आहे. स्लो पकडायची (नाहूरला फास्ट थांबत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको), भांडुप गेलं की कांजूरमार्ग, तिथून रिक्षाने पवई.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातल्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंग आणि मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तिथे प्रा. कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यांवर काम करतो. दागिन्यातल्या नव्हे, दोष असलेल्या हिऱ्यांवर. हिऱ्यात कार्बनच्या जागी एक नायट्रोजन घुसलेला आणि शेजारची जागा रिकामी, असा तो दोष. त्यावर हिरवा लेझर मारला की तो लाल चमकतो, आणि किती चमकतो ते त्याच्या चुंबकाच्या अवस्थेवर ठरतं. म्हणजे एका अणूएवढ्या जागेतला चुंबक नुसत्या प्रकाशाने वाचता येतो. तोही साध्या खोलीच्या तापमानाला. याच हिऱ्यांचा वापर करून चिपच्या आतले प्रवाह दाखवणारं यंत्र बनवायचा करार आयआयटी आणि टीसीएस यांनी २०२४ मध्ये केला.

हा हिरा मोजतो कसा? आधी त्याला मायक्रोवेव्हच्या झटक्याने मिश्रणात टाकायचं, मग काही न करता सोडून द्यायचं. आसपास चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या मिश्रणाचा काटा थोडा पुढे सरकतो. जितका वेळ सोडाल तितका जास्त सरकेल आणि तितकं बारीक क्षेत्र पकडता येईल. पण ताल टिकला तर. ताल सुटल्यावर काटा कुठे होता हे विचारण्यात अर्थ नाही. म्हणून मोजमाप किती अचूक, याची मर्यादा थेट कोहिरन्स किती टिकतो यावर आहे. २००९ मध्ये अतिशुद्ध हिऱ्यात तो जवळपास दोन मिलिसेकंद टिकवता आला, आणि या लोकांच्या हिशेबात ते भरपूर.

अडचण अशी की हिऱ्यातल्या कार्बनपैकी साधारण एक टक्का कार्बन जरा वेगळा असतो, कार्बन-१३. त्याचा गाभाही छोटा चुंबकच. आपल्याला चिपचं क्षेत्र मोजायचंय, आणि हा शेजारी सतत कुजबुजतोय. दोष दोन्ही सारखेच ऐकतो. ज्या दाराने पाहुणा येतो त्याच दाराने डास येतात. दार बंद केलं तर पाहुणाही बाहेर. मग काय करायचं? हिरा कार्बन-१३ काढून बनवायचा, किंवा हान यांची शिट्टी अशा ठरावीक अंतराने वाजवत राहायची की डासांची गुणगुण आपोआप कटत जाईल आणि आपल्याला हव्या त्याच लयीचं क्षेत्र जमा होईल. शेवटी लेझर मारून वाचायचं. वाचलं की ताल संपला. परत पहिल्यापासून, लाखो वेळा.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये आर. विजय यांची प्रयोगशाळा याच प्रश्नाची उलटी बाजू धरते. त्यांचे क्युबिट म्हणजे अतिवाहक धातूची सर्किटं, निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या काही शतांश इतक्या थंडीत ठेवलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने आणि टीआयएफआरने मिळून सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी केली, ती इथलीच.

पण मला थांबवलं ते त्यांच्या जुन्या कामाने. २०१२ मध्ये, बर्कलीत इरफान सिद्दीकी यांच्या प्रयोगशाळेत असताना, विजय आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. क्युबिट दोन अवस्थांमध्ये झोके घेतोय. त्याला ठणकावून विचारलं, 'वर की खाली?', तर झोका तिथेच थांबेल. त्यांनी ठणकावून विचारलंच नाही. अगदी क्षीण मायक्रोवेव्हने सतत कानोसा घेत राहिले. कानोशानेही ताल बिघडतोच, पण नेमका किती आणि कुठल्या बाजूला बिघडला याची खबर त्याच सिग्नलमध्ये बाहेर येत असते. ती खबर लगेच वापरून झोक्याला दुरुस्तीचा हलका धक्का द्यायचा. एरवी विरून गेला असता तो झोका, दुरुस्ती चालू होती तोवर चालू राहिला. पुरत्या ताकदीने नाही, कारण सिग्नलचा काही भाग वाटेत हरवत होता, आणि तेवढा ताल परत आणता आला नाही.

हे वाचून मी वही बंद करून बसले. म्हणजे मोजल्याने ताल मोडतो हे अर्धं वाक्य झालं. जी खबर तुमच्या हातात येते तिच्यामुळे मोडलेला ताल दुरुस्त करता येतो. जी भिंतीत जिरते तीच कायमची जाते.

ताईला विचारलं, मग कोडं सुटलं का? ती म्हणाली, नाही. डिकोहिरन्समुळे पट्टे का जातात ते कळतं. पण शेवटी मोजल्यावर 'वर' किंवा 'खाली' यांतलं एकच उत्तर का येतं, आणि आज हेच का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. "रीलवाल्यांना कळलंय वाटतं," ती म्हणाली.

राहिली चकती. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने बाजारातल्या दहा वस्तू तपासून लोकांना त्या वापरू नका असं सांगितलं. त्यांत 'क्वांटम पेंडंट' म्हणून विकलं जाणारं एक पेंडंटही होतं. त्या वस्तूंमधून किरणोत्सर्ग होत होता, आणि दीर्घकाळ अंगावर ठेवल्यास इजा होऊ शकते असं त्यांनी म्हटलं. आईची चकती त्यांतली आहे की नाही, तिच्यात काय आहे, काही कल्पना नाही. पण हे वाचल्यावर मी ती आईच्या सेफ्टीपिनांच्या डब्यातून काढून बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवली. तुमच्या घरी कोणाच्या गळ्यात अशी असेल तर निदान रात्री झोपताना तरी काढायला लावा.

आईची फिजिओथेरपी सुरू झालीय. नाहूरचा पूल ती आता कठड्याला धरून, पण न थांबता चढते. परवा ताई आली होती तेव्हा आम्ही दोघी हेच बोलत होतो. आई भाजी निवडत ऐकत होती. मध्येच म्हणाली,

"अगं, आत मला खोकला आला, पाय हलला, तर त्या बाईने मशीन थांबवून परत सगळं पहिल्यापासून केलं. म्हणाली, फोटो बिघडला. ते पण तुमचं तेच का, ताल गेला?"

ताई माझ्याकडे बघायला लागली.

"हो आत्या. अगदी तेच नाही, पण तसंच काहीसं."

"मग मला आधी सांगायचं नाही का? मी दम धरून पडले असते."